हातच्याची वजाबाकी आणि रोजची रडारड : घरी पोरांचा अभ्यास घ्यायचा तरी कसा?

शुक्रवारपेठ_आई (१० फेब्रुवारी, रात्री १०:१५)

नमस्कार कोल्हापूरकर मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझा मुलगा तिसरीत आहे, सेमी इंग्लिशला. रोज संध्याकाळी सातला आम्ही दोघं अभ्यासाला बसतो आणि साडेसातला दोघांपैकी एक जण रडत असतो. बऱ्याचदा तो, परवा मी.

परवाचं गणित होतं ५०२ वजा १७८. त्यानं लिहिलं ४७६. मी म्हटलं, अरे हातचा घे. तर म्हणतो, कुठनं घेऊ, शेजारी शून्य आहे. मी परत सांगितलं, परत तेच. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. त्यानं खोडरबर घेऊन असं खोडलं की पान फाटलं, मग फाटलेल्या पानावरनं आणखी रडणं.

मिस्टर फौंड्रीत, शिफ्टची नोकरी. माझं शिक्षण बारावी, सगळं मराठीतनं. त्याच्या वहीतले 'बॉरो' आणि 'कॅरी' वाचले की मलाच धाकधूक होते. गल्लीतल्या सगळ्याजणी म्हणतात शिकवणी लाव. पण मला मनापासून वाटतं की घरात आपण काहीतरी करायला पाहिजे. फक्त ते काय, हे कळत नाही. शिकवायचं? का नुसतं शेजारी बसायचं? तुम्ही काय करता ते सांगा.

राजारामपुरीकर

ताई, शिकवणी लावा. आई आणि मास्तर एकाच माणसानं व्हायचं नसतं. आमच्या घरात तरी त्यानंच शांतता आली.

खडू_फळा

ताई, मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलाचं उत्तर जरा थांबून बघा. ४७६ कुठनं आलं? आठातनं दोन गेले सहा. सातातनं शून्य गेलं सात. पाचातनं एक गेला चार. म्हणजे त्यानं प्रत्येक घरात मोठ्यातनं लहान वजा केला, वर कोण आणि खाली कोण हे बघितलंच नाही. पोरगं बेफिकीर नाही. त्याच्याजवळ एक नियम आहे, तो चुकीचा आहे, पण तो इमानेइतबारे पाळतोय. माझ्या वर्गात दरवर्षी अशी पाच-सहा मुलं असायचीच.

अशा मुलाला 'हातचा घे' दहा वेळा सांगून उपयोग नाही, कारण हातचा म्हणजे काय हेच त्याच्या डोळ्यासमोर नाही. घरात खेळातल्या नोटा असतील तर त्या घ्या, नसतील तर कागदाचे तुकडे करा. शंभराच्या पाच नोटा आणि एक-एक रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या. सांगा, मी दुकानदार, माझे १७८ रुपये दे. आठ सुट्टे मागा. त्याच्याकडं दोनच आहेत, दहाची तर एकही नाही. मग तोच म्हणेल, शंभराचे सुट्टे करायला पाहिजेत. एक शंभराची मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक दहाची मोडून दहा नाणी. आता त्याच्याकडं शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि बारा नाणी. द्या म्हणावं १७८. उरले ३२४.

शेजारी शून्य असलं की पलीकडच्या घरात जाऊन आधी तिथली नोट मोडायची, एवढंच ते आहे. शाळा त्याला बॉरो म्हणते, आपण सुट्टे करणं म्हणूया. बाजारात चार वेळा सुट्टे करून आणलेल्या पोराला ते नाव नंतर आपोआप चिकटतं.

दुसरी गोष्ट. चूक दिसली की 'चुकलं' म्हणायच्या आधी 'हे कसं काढलंस ते मला सांग' म्हणा. निम्म्या वेळा सांगता सांगता पोर स्वतःच थांबतं.

शुक्रवारपेठ_आई

गुरुजी, हे वाचून मी त्याची जुनी वही काढली. जिथं जिथं लाल फुली आहे तिथं तिथं अगदी हेच केलंय त्यानं. सप्टेंबरपासनं! आणि मी समजत होते की लक्ष नाही. फार वाईट वाटलं.

लेथवाला_उद्यमनगर

वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. माझ्या पोरीला अपूर्णांक म्हटलं की पोटात दुखायचं. पाचवीत होती. रविवारी डबा घेऊन आली तेव्हा तिच्या हातात इंची पट्टी दिली. आमच्याकडं कामगार आजही सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. तिला म्हटलं, चार सुताचा बोल्ट आण. आणला. म्हटलं, हा इंचाच्या कितवा भाग? बराच वेळ पट्टी बघत राहिली, मग म्हणाली अर्धा. दोन सूत? पाव. सहा सूत? इथं अडली. मग बोटं पट्टीवर ठेवून म्हणाली, अर्धा आणि पाव, म्हणजे पाऊण.

त्या दिवशी चार अष्टमांश म्हणजेच एक द्वितीयांश हे तिला तेलकट हातानं कळलं. नंतर वहीतल्या उदाहरणांना ती भ्याली नाही. आपल्या कामातच गणित असतं, आपण पोरांना तिकडं फिरकू देत नाही.

गोकुळशिरगाव_शिफ्ट

सगळं वाचलं, छान आहे. पण एक बोलू का? नोटा मोडा, बोल्ट मोजा, हे ज्यांना संध्याकाळ आहे त्यांच्यासाठी. मी एमआयडीसीत काम करते. घरी पोचायला आठ, मग स्वयंपाक, धुणं. सासूबाईंना वाचता येत नाही. माझी दोन्ही मुलं शिकवणीला जातात आणि त्याबद्दल मला कुणी अपराधी वाटायला लावू नये. राजारामपुरीकरांचं मला पटलं.

खडू_फळा

ताई, तुमचं बरोबर आहे आणि शिकवणीला माझा विरोध नाही. एवढंच सांगतो, शिकवणीला जाणाऱ्या पोरालाही घरी कुणीतरी विचारणारं लागतं. भाकरी थापताना विचारा, 'आज काय नवीन कळलं?' आणि त्याला पुस्तक मिटून सांगू द्या. उघड्या पुस्तकातनं धडा पाच वेळा वाचलेला असला तरी मिटून आठवायला लावलं की काय येतं आणि काय नाही हे पोराला स्वतःला समजतं, आणि असं ताण देऊन आठवलेलं जास्त दिवस टिकतं. त्याला वेगळा वेळ लागत नाही.

कागलचा_पाव्हणा

सासूबाईंना वाचता येत नाही असं लिहिलंय म्हणून लिहितो.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. आमची शेती कागल तालुक्यात, घरात आम्ही चौघं भावंडं. संध्याकाळी ती सुपात तांदूळ पाखडायला बसायची आणि मला म्हणायची, मोठ्यानं वाच. मी वाचायचो, सूप चालायचं. अडखळलो की सूप थांबायचं. ती काही बोलायची नाही, नुसतं थांबायची. मी ती ओळ परत नीट वाचली की सूप परत चालू. धडा संपला की विचारायची, 'मग त्याचं पुढं काय झालं?' पुस्तकात पुढं काही नसायचं, मग मीच रचून सांगायचो.

आज मी बँकेत अधिकारी आहे, दिवसभर लिहिणं-वाचणं हेच काम. मला वाचायला शाळेनं शिकवलं, पण वाचत बसायची सवय त्या सुपानं लावली. तुमच्या सासूबाईंना नातवंडांच्या समोर नुसतं बसवा, ताई. ऐकणारं माणूस पाहिजे फक्त.

गोकुळशिरगाव_शिफ्ट

पाव्हणं, डोळ्यात पाणी आणलंत. आज सांगते त्यांना.

वाचनवेडी

वाचनाचा विषय निघालाच आहे तर माझंही. मुलगी दुसरीत वाचताना शब्द गाळायची. मला वाटायचं घाई करते. नंतर लक्षात आलं की गाळलेल्या प्रत्येक शब्दात 'र' होता. वर्ग, चक्र, राष्ट्र, दऱ्या. एकच अक्षर चार ठिकाणी चार रूपं घेऊन येतं: डोक्यावर रफार, पायाशी तिरकी रेघ, ट च्या खाली टोपी आणि शेवटी ऱ्य मधला तो चंद्रकोरीसारखा. आम्ही आठवडाभर फक्त दुकानांच्या पाट्या वाचल्या. महाद्वार रोडवर एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत 'र' शोधायचा. सगळ्यात जास्त रफार सापडले.

पोर एकेक अक्षर जुळवत वाचत असेल तर सगळी ताकद जुळवण्यात जाते, अर्थाला काही उरत नाही. म्हणून सोप्या गोष्टी पुष्कळ वाचायला द्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं आपल्या गावात आहे, त्याचा फायदा घ्या.

सेमीची_आई

आकड्यांचं कुणी बोलेल का? माझा मुलगा 'पंचवीस' ऐकलं की ५२ लिहितो. शाळेत ट्वेंटी फाइव्ह, घरात पंचवीस.

खडू_फळा

कारण मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो. एकोणचाळीस तर त्याहून अवघड, कानावर चाळीस पडतं आणि लिहायचे तीस नि नऊ. म्हणून २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचायची पद्धत आली होती.

बिंदूचौक

आणि त्यावर महाराष्ट्रभर गदारोळ झाला, बरोबरच झाला. उद्या आजीनं 'साठाला पाच कमी' म्हटलं तर नातवाला कळायचं नाही. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीडचे पाढे तोंडपाठ. चाराची सवायकी पाच, आठाची दहा. गुळाच्या अडत दुकानात कॅल्क्युलेटर नव्हता तेव्हा.

सेमीची_आई

काका, आजोबांचं पाठांतर मान्य, पण माझं पोर आज रडतंय. मला 'वीस पाच'नं फरक पडला. आधी वीस पाच, मग पंचवीस, दोन्ही म्हणायचं. महिन्यात ५२ बंद झालं.

बिंदूचौक

दोन्ही म्हणत असाल तर माझी हरकत नाही. पंचवीस सोडू नका एवढंच.

तांबडा_पांढरा

आमच्या चिरंजीवांना सतराचा पाढा येत नाही, पण घरी पाव्हणे आले की कुणाच्या ताटात किती पीस पडले हे बिनचूक सांगतो 😄

लेथवाला_उद्यमनगर

मग त्याला वाढपी करा, भागाकार आपोआप येईल 😄

इतिहास_करवीर

थोडं विषयांतर. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. दंड पालकाला होता, पोराला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. घराची जबाबदारी त्यांनी तेव्हाच ओळखली होती.

आणि सुट्टीत पोरांना टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये न्या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथं आहे. रोमन जगातला समुद्रदेव पंचगंगेच्या काठी काय करत होता, हा प्रश्न माझ्या भाच्यानं मला विचारला आणि आम्ही संध्याकाळभर नकाशा घेऊन बसलो. जहाज कुठल्या बंदराला लागलं असेल, घाट कुठनं चढला असेल. भूगोलाचं पुस्तक त्यानं पहिल्यांदा आपणहून उघडलं.

शिष्यवृत्तीधारक

मी आता इंजिनिअरिंगला आहे, मुलाच्या बाजूनं लिहितो. कोल्हापुरात शिष्यवृत्तीचं किती वेड आहे ते तुम्हाला माहीत आहे. पाचवीत मी रोज पहाटे पाचला उठून सराव परीक्षा सोडवायचो. यादीत आलो, गल्लीत डिजिटल बोर्ड लागला. पण त्या वर्षातलं मला सगळ्यात आठवतं ते असं: एका पेपरात १५० पैकी १३८ पडले आणि बाबांनी पहिला प्रश्न विचारला, बारा कुठं गेले? ते प्रेमानंच विचारत होते, हे आता कळतं. तेव्हा मी पुढचे दोन पेपर घरी दाखवलेच नाहीत.

चुकांचा पेपर पोरानं स्वतःहून आणून दाखवावा असं घर ठेवा. त्याचा मला नंतर कॉलेजात फार उपयोग झाला असता.

राजारामपुरीकर

भावा, हे मनाला लागलं. मी पण 'बारा कुठं गेले' विचारणाराच आहे. आजपासनं बंद.

पंचगंगाकाठ

धागा वाचत होतो, राहवेना म्हणून लिहितो. मूळ प्रश्न हातच्याचा होता ना? माझी मुलगी हातचा पंचगंगेकडनं शिकली.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला पुराचा इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आपल्याकडं अंगणवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. गेल्या जुलैत शाळांना सुट्टी पडली आणि घरात सगळे मोबाईलवर पातळी बघत बसलेले. मी दाराच्या मागं आलेख कागद चिकटवला. रोज सकाळी तिनं पातळी बघून एक टिंब द्यायचं आणि इशाऱ्याला किती राहिलं ते काढायचं. पहिल्या दिवशी पातळी होती ३६ फूट ४ इंच. ३९ मधनं वजा. शून्य इंचातनं चार जात नाहीत, मग शेजारनं हातचा घेतला, सवयीप्रमाणं दहाचा. उत्तर आलं २ फूट ६ इंच.

मी चूक सांगितली नाही. फूटपट्टी आणून तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, एक फूट मोडला तर किती इंच मिळतात? मोजले, बारा. मग माझ्याकडं बघून म्हणाली, 'म्हणजे हातचा दरवेळी दहाचाच नसतो?' खोडलं आणि २ फूट ८ इंच लिहिलं. त्याच दुपारी घड्याळ घेऊन आली, तास मोडला की हातचा साठाचा का, म्हणून विचारायला.

चौथ्या दिवशी पाऊस उघडला तरी टिंब वरच चाललेलं. का? मग नकाशा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती कुठं मिळतात, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ का लागतो. मी शिकवलं असं काही नाही. मला स्वतःला निम्मं माहीत नव्हतं, आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

गोकुळशिरगाव_शिफ्ट

आमच्या सासूबाईंचा अहवाल. धाकटा रोज वाचून दाखवतो. काल त्यांनी त्याला मध्येच थांबवलं, 'हे तू काल वाचलं होतंस, मला फसवू नगंस.' एकच पान परत परत वाचत होता! शिकवणी चालूच आहे, पण ही अर्धा तासाची बैठक दोघांपैकी कुणी चुकवत नाही.

शुक्रवारपेठ_आई (३ मार्च)

सगळ्यांचे मनापासून आभार. नोटांचा खेळ रोज चालू आहे. तो दुकानदार आणि मी गिऱ्हाईक, असं त्यानंच उलटं केलं. काल मला म्हणाला, 'आई, तुमच्याकडं सुट्टे नाहीत, शेजारी विचारा. शेजारी पण नसतील तर त्याच्या शेजारी.' वहीत अजून चुकतो, पण 'कसं काढलंस' विचारलं की सांगतो. सेमीचे शब्द मी त्याच्याकडनं शिकते. 'बॉरो म्हणजे सुट्टे' असं त्यानं मला वहीच्या मागं लिहून दिलंय.

रडणं बंद झालं असं नाही. मागच्या गुरुवारी दोघंही चिडलो. मग वही मिटली आणि जेवलो.

खडू_फळा

वही मिटून जेवलात ते फार चांगलं केलंत. थकलेल्या पोराला गणित देऊ नये.

शुक्रवारपेठ_आई (२४ जुलै, सकाळी ७:०५)

धागा वर काढतेय. पोरगं चौथीत गेलं. दोन दिवस शाळा बंद आहे. पंचगंगाकाठ, तुमचा आलेख आमच्या फ्रीजवर आहे. आत्ता त्यानं टिंब दिलं, ३८ फूट ९ इंच. मी चहा ठेवत होते, आतनं ओरडला, 'आई, इशाऱ्याला तीन इंच राहिलं! धोक्याला चार फूट तीन इंच!' वही-पेन्सिल काही घेतली नव्हती.

पंचगंगाकाठ

शाब्बास रे पठ्ठ्या! ताई, पण तुम्ही शुक्रवार पेठेत कुठल्या बाजूला? तळमजला आहे का?

शुक्रवारपेठ_आई

हो, तळमजलाच. मिस्टर रात्रपाळीला आहेत, दुपारपर्यंत येतील.

लेथवाला_उद्यमनगर

दुपारची वाट बघू नका वहिनी. माझा टेम्पो रिकामा आहे, पत्ता निरोपात पाठवा. दोन पोरं घेऊन तासाभरात येतो, सामान वर घेऊ.

गोकुळशिरगाव_शिफ्ट

आमच्याकडं वरची खोली मोकळी आहे. पोराला घेऊन या, सासूबाई आहेत घरात.